लाल काच

शिंगाड्याच्या तळ्यातली थंडी आधी पोटरीला चावते, मग मांडीला. कमरेपर्यंत पाणी आलं की चावायचं सोडून देते. तिथून पुढं बाईचं लाकूड होतं. इंदू अशीच लाकूड होऊन सकाळपासून तळ्यात होती. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधलेली, फळीवर टोपलं. एका हातानं वेल उचलायचा, उलटा करायचा, दुसऱ्या हातानं पोटाखालचे शिंगाडे खुडायचे, वेल पुन्हा पाण्यावर निजवायचा. काटे कुठं असतात ते बोटांना ठाऊक असतं, तरी बोटं फसतात. फसलं की बोट तोंडात घालायचं, चोखायचं आणि पुढचा वेल धरायचा.

औंदा पानांवर किडा पडला होता. निम्म्या तळ्यातली पानं चाळणी होऊन सडली. उरलेल्या वेलांवर दोन चुलींची नजर. धाकटा दीर भाऊराव आणि त्याची बायको कुंदा एका चुलीवर, इंदू दुसऱ्या, आणि सासू राधाबाई जिकडं आधी शिजेल तिकडं. तळं दोन भावांचं. थोरला श्रीरंग, म्हणजे इंदूचा नवरा, जबलपूरकडच्या रांझीला फॅक्टरीत ठेकेदाराच्या हाताखाली म्हणून गेला तो तिथंच राहिला. एका बाईसोबत राहिला. हे कछारटोल्याच्या सगळ्या वस्तीला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलायला गेलं असतं तर श्रीरंगच्या वाट्याचं काम कोण ओढतं, तेही बोलावं लागलं असतं.

भाऊराव उकडलेले शिंगाडे घेऊन जबलपूरला विकायला गेला होता. तो परत आला आणि सायकल स्टँडवर न लावता तशीच बांधावर आडवी टाकली.

"वैनी, बाहेर या."

"टोपलं भरू द्या, भाऊजी."

"टोपलं राहू द्या ना. या म्हणतो तं."

इंदू बाहेर आली. लाल लुगडं अंगाला चिकटलेलं, टाचा पाण्यानं पांढऱ्याफटक. भाऊराव तिच्याकडं न बघता तळ्याकडं बघत बोलला.

"नेपियर टाउनले एका हॉलसमोर शिंगाड्याची पाटी लावली होती मी. हॉलच्या दारावर तुमचा फोटो हाय."

"माहा? काहून?"

"काय मालूम. काळा-पांढरा. दाराएवढा. आत अजून हाय म्हणे, तळ्याचे, माणसाइचे. लोकं तिकीट काढल्यासारखे जाऊन राहिले. तुमच्या फोटोपुढून एक बाई बाहेर आली, नाक पुसत. माह्यापासून शिंगाडे घेतले तिनं. मी म्हटलं, काय झालं दीदी? तं म्हणे, भैया, देखा नहीं जाता."

"त्यात काय न पाहण्यासारखं हाय?"

भाऊरावनं पायानं एक वेल पाण्यात ढकलला.

"खाली लिहिलं हाय. तळ्याकाठची विधवा."

कुंदा बांधावर शिंगाडे निवडत बसली होती. तिच्या हातातली टोपली कलंडली. इंदूचा हात आधी कपाळाला गेला. कुंकू होतं. पाण्यात भिजूनही होतं. सकाळी मेण लावून त्यावर दाबून बसवलेलं, रुपयाएवढं.

"पण मी तं लाल लुगड्यात होती," ती म्हणाली. "हेच लुगडं होतं."

तिला तो दिवस आठवत होता. दोन हिवाळे झाले. स्कूटरवरून एक माणूस आला होता, गळ्यात दोन कॅमेरे. चांगला बोलणारा. "ताई, तुमचं काम चालू राहू द्या, माझ्याकडे पाहू नका," म्हणाला. ती पाहतच नव्हती. त्याच दिवशी सकाळी श्रीरंग आला होता, आपला दुसरा स्वेटर आणि पितळी तांब्या घेऊन जायला. पिशवीत भरलं आणि बांधावरून निघून गेला. ती पाण्यातून बाहेर आली, काठावर बसली आणि बांध रिकामा होईपर्यंत बघत राहिली. बाजूला कॅमेरा वाजला असेल. तिनं कुठं लक्ष दिलं?

\*

घरात लग्न होतं. कुंदाची मनीषा, मार्गशीर्षातली तिथी, पाहुणे भंडाऱ्याचे. धिवरांच्या त्या घरात अजून जुनी रीत होती. हळद बाजारातून दळून येत नसे. उखळात घालायची, मुसळाला आंब्याची पानं बांधायची, आणि पाच सवाष्णींनी एकाच मुसळाला हात लावून ती कुटायची. पहिला हात घरातल्या थोरल्या सवाष्णीचा. म्हणजे इंदूचा. कुंदाच्या लग्नानंतर घरात जेवढे मांडव पडले तेवढ्या मुसळांना पहिला हात इंदूचाच लागला होता. नवरा रांझीला दुसरीच्या चुलीवर जेवत होता तेव्हाही लागला. त्या एका सकाळी तिला कुणी विचारत नसे, घरी कोण आहे आणि कोण नाही.

संध्याकाळी राधाबाईनं पाय चुलीकडं करून विषय काढला.

"व्याह्याचा भाऊ रेल्वेत हाय. जबलपूरलेच राहते. त्यानं पाह्यलं असंल."

"पाह्यलं असंल तं पाह्यलं असंल," इंदू म्हणाली. "माहा नवरा जित्ता हाय."

"ते तुले मालूम, मले मालूम. चौकात टांगलं ते सगळ्याइले मालूम." म्हातारीनं तंबाखू तळहातावर चोळली. "जितेपणी ज्याची बायको विधवा म्हणून टांगली त्याचं आयुष्य कमी होते, बाप्पा. आणि तिच्या हातची हळद पोरीच्या अंगाले?"

"तुम्ही काहून नाही बोलत?" इंदूनं कुंदाकडं पाहिलं.

कुंदा वाईट बाई नव्हती. तिला मुलगी उजवायची होती, एवढंच. वाईट बाईशी भांडता तरी येतं. "जाऊबाई, मी काय बोलू? माह्या मनात काही नाही. पण लोकं असे असते. तुम्ही बसा ना मांडवात. बाकी सगळं करा. फक्त मुसळाले..."

"बाकी सगळं म्हणजे भांडे घासू."

"असं नका ना बोलू."

"श्रीरंगले आण," राधाबाई मध्येच म्हणाली. "एक दिवस येऊ दे. मांडवात बसू दे, तुह्या ताटाशेजारी जेवू दे. मंग कोणाचं तोंड उघडत नाही."

"तुमचा लेक हाय. तुम्ही बोलवा."

"माह्या बोलावण्यानं आला असता तं तुह्या कपाळी हे कायले आलं असतं?"

त्यावर भाऊराव उठून बाहेर गेला. पुरुषाला असल्या वेळी बरोबर बाहेर काम निघतं.

\*

दुसऱ्या दिवशी इंदू पहिल्या बसनं निघाली. धुतलेलं तेच लाल लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू रोजच्यापेक्षा मोठं. थैलीत शिंगाडे, रिकाम्या हातानं कुणाच्या दारात कसं जायचं म्हणून. आधी फोटो उतरवायचा, मग रांझी, असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं.

नेपियर टाउनमध्ये डॉक्टरांच्या पाट्यांच्या गर्दीत तो हॉल सापडायला वेळ लागला. दारावर ती होती. स्वतःला एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं. घरात आरसा होता तो तळहाताएवढा, त्यात एका वेळी एकच गाल मावायचा.

आकाश काळं होतं. पहिली गोष्ट तीच. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, निळं आभाळ, थंडीतलं. इथं भरदिवसा आकाश तव्याच्या बुडासारखं काळं. तळं काळं, वेल काळे. आणि त्या सगळ्या काळ्यात मधोमध एक पांढरी बाई. पांढरं लुगडं, पांढरं कपाळ, कोरं. कपाळावर काही म्हणजे काही नाही. बांगड्या होत्या, त्या काळ्या पडून मनगटावरच्या वळांसारख्या दिसत होत्या. बाई कुठंतरी पाहत होती. कुठं, ते फोटोत नव्हतं.

इंदूला त्या बाईची दया आली. खोटं कशाला सांगायचं? पहिल्यांदा दयाच आली. मग लक्षात आलं की ती आपण आहोत, आणि दयेचा राग झाला.

आत लोक हळू चालत होते, देवळातल्यासारखे. सगळे फोटो काळे-पांढरे. तळ्याचा फोटो आतही होता, त्याच्यासमोर एक बाक ठेवला होता. शाल पांघरलेली एक जाडशी बाई बाकावर बसून डोळ्याला रुमाल लावत होती. तिच्या शेजारी इंदू उभी राहिली. बाईनं एकदा इंदूकडं पाहिलं, लुगड्याकडं, थैलीकडं, आणि जरा सरकून बसली, वास आल्यासारखी. तळ्याचा वास येतोच अंगाला. मग पुन्हा फोटोकडं वळून तिनं मोठा सुस्कारा सोडला.

"कितना दुख है चेहरे पर," ती म्हणाली. इंदूला नव्हे. फोटोला.

दाराशी टेबलावर एक चष्मेवाली बसली होती. विभावरी तिचं नाव, हे सगळं तिनं मांडलेलं. मराठी होती हे इंदूला तिच्या मंगळसूत्रावरून कळलं.

"बाई, तो फोटो उतरवा."

"कौन सा... कुठला?"

"तळ्याचा. ते मी हाय."

विभावरी हसणार होती. मग तिनं नीट पाहिलं, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि उठून उभी राहिली. "अरे देवा. दिवाकर! दिवाकर, इकडे ये जरा."

दिवाकर म्हणजे तोच स्कूटरवाला. बँकेतला माणूस होता, केस आता पिकले होते. त्यानं इंदूला ओळखलं आणि खरंच आनंदला. माणसाला आपलं विकलेलं जनावर बाजारात दुसऱ्याच्या दावणीला दिसावं, तसा आनंद. "ताई! तुम्ही! बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. माहा नवरा जित्ता हाय. तुम्ही मले विधवा काहून केलं?"

हॉलमधलं चालणं थांबलं. शालवाली बाई बाकावरून वळून पाहू लागली.

"ते नाव मी दिलं," विभावरी म्हणाली. "मी फोटोच पाहिला होता फक्त. पांढरी साडी, कपाळ... मला वाटलं..." ती दिवाकरकडं वळली. "तू तरी सांगायचं."

"मी पाहिलंच नाही गं. मी फ्रेमच्या गडबडीत होतो."

"पण माहं कुंकू कुठं गेलं?" इंदूनं विचारलं. "लुगडं लाल होतं. हेच. कुंकू होतं. तुम्ही पुसलं का?"

"पुसलं नाही ताई. शप्पथ." दिवाकरनं खांद्यावरच्या पेटीतून एक गोल काच काढली. लाल, बांगडीएवढी, पितळी कड्यात बसवलेली. "ही लावतो मी कॅमेऱ्यापुढे. हिनं निळं आकाश काळं होतं. ढग, पाणी, सगळं जिवंत होतं. पण लाल जे असेल ते पांढरं येतं. तिचा गुणच आहे तो."

इंदूनं काच हातात घेतली, डोळ्याला लावली. हॉल रक्तासारखा झाला. तिनं आपला पदर समोर धरला. पदर कुठं संपतो आणि चुन्याची भिंत कुठं सुरू होते ते कळेना. दोन्ही एकच. बांगड्या काळ्या कोळसा. थैलीतून कुंकवाची डबी काढून तिनं उघडली आणि काचेतून पाहिलं. डबीत राख असावी तसं दिसलं.

तिनं काच खाली घेतली.

"तुम्हाले आकाश काळं पाहिजे होतं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून."

दिवाकरनं तिच्या हातातून काच परत घेतली. मग जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं, पण तो कारागीर होता आणि कारागिराला आपल्या कामाबद्दल खोटं बोलवत नाही. "ताई, कुंकू दिसलं असतं तर हा फोटो झाला नसता. लोक थांबले नसते."

"उतरवा."

"खालची चिठ्ठी बदलते," विभावरी घाईनं म्हणाली. "आजच बदलते. पण उतरवा म्हणू नका, प्लीज. सगळे याच्यासाठीच येतात हो. एक माणूस तर रोज येतो. खाकी पँट, फॅक्टरीतला असेल कुणी. त्या बाकावर बसून रडतो. लहान पोरासारखा. आम्ही पाणी दिलं, विचारलं कोण तुमचं, तर मान हलवतो नुसता. कान फाटलाय बिचाऱ्याचा, इथं."

तिनं आपल्या डाव्या कानाच्या पाळीला बोट लावलं.

इंदूनं थैली खाली ठेवली. लहानपणी मासे धरताना गळ कानात अडकला आणि श्रीरंगनं तो घाबरून ओढला, ती पाळी लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं कितीदा बोटानं चाचपली होती.

"रोज येते?"

"रोज. शिफ्ट सुटली की."

"रडते?"

"खूप."

इंदूनं थैली पुन्हा उचलली. शिंगाडे तिथंच टेबलावर ओतले, अर्धे. अर्धे थैलीत ठेवले. फोटो उतरवायचं ती विसरली. माणूस हलकट असतो असं नाही, माणूस उपाशी असतो. इतक्या वर्षांच्या उपाशी बाईला कुणी सांगितलं, की तुझा नवरा तुझ्यासाठी रडतो, तर ती आणखी काय करणार?

\*

रांझीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. दांड्याला धरून उभी होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? ओरडायचं नाही. मांडव आहे म्हणायचं. मनीषा तुमची वाट पाहून राहिली म्हणायचं. एक दिवस. जेवून परत जा म्हणायचं, दुपारच्या बसनं.

फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिनं इंदूला पाहिलं, ओळखलं, आणि सुपासकट आत गेली. तिचं नाव बेबी. इंदूनं तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, बाजारात, लांबून. जवळून ती साधी निघाली. थकलेली. केस गळलेले. रागवायला काही सापडेना.

श्रीरंग बाहेर आला. अंगात बनियन, एका हातात चहाचा पेला, दुसऱ्यात चहात बुडवलेला पावाचा तुकडा. त्या तुकड्यातून चहा ठिबकत होता.

"तू?"

"मी."

"घरी कोणी मेलं का?"

"मीच मेली म्हणते लोकं. नाही, तुम्ही मेले." तिला हसू आलं, आपोआप. "तुम्ही रोज जाता म्हणते तिथं."

श्रीरंगनं पाव तोंडात घातला. त्याचे डोळे लगेच भरले. इंदूनं हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं पोर जन्मून सातव्या दिवशी गेलं तेव्हाही त्यानं डोळे कोरडे ठेवले होते, नदीवर नेऊन आला आणि भात मागितला होता.

"मले तो दिवस याद हाय," तो म्हणाला. "मी तांब्या नेला तो. मी मागं वळून नाही पाह्यलं. मले वाटलं तू पाण्यात असशील, काम करत. तू अशी बसली होती मालूमच नव्हतं मले. फोटोत पाह्यलं तवा..." त्यानं बनियनच्या कडेनं नाक पुसलं. "लई जीव तुटला."

"मंग चला ना."

"कुठं?"

"घरी. मनीषाची हळद हाय परवा. तुम्ही नुसतं बसा मांडवात. कोणी काही बोलणार नाही. तुमच्या मायनंच पाठवलं मले. एक दिवस जी. जेवा आणि या परत. मी अडवणार नाही."

श्रीरंगनं वळून आत पाहिलं. आतून बेबीच्या तांदूळ पाखडण्याचा आवाज थांबला होता.

"सगळे पाहतील ना माह्याकडं," तो म्हणाला.

"पाहतील. मंग?"

"व्याही-फ्याही. भाऊराव. कोणी विचारलं तं काय सांगू?"

"माह्याकडं पाह्यलंच ना सगळ्यायनं. दाराएवढं करून टांगलं. मी उभी हाय ना?"

"तुहं वेगळं."

"काय वेगळं?"

तो चहाचा पेला न्याहाळत राहिला. मग वैतागला. "रडलो ना मी, इंदे. रोज जाऊन रडलो. आता बरं वाटून राहिलं थोडं. छातीवरचं हलकं झालं. आणखी काय पाह्यजे तुले?"

इंदू त्याच्याकडं पाहत राहिली. पाळी फाटलेला कान, चहाचे ओले ओठ, डोळ्यांत अजून पाणी. खरं पाणी. त्यात खोटं काही नव्हतं आणि तेच वाईट होतं. हा माणूस कागदापुढं बसून तिच्यासाठी रडला होता, आणि ती स्वतः पाच हातांवर उभी असताना त्याला उठवत नव्हतं. कागदावरची बाई बरी. ती काही मागत नाही. तिला तळ्याचा वास येत नाही.

"काही नको," ती म्हणाली.

"तो फोटो उतरवू नको हां त्याइले सांगून," तो मागून म्हणाला. "राहू दे."

थैलीतले उरलेले शिंगाडे तिनं आत जाऊन बेबीच्या सुपात ओतले. बेबीनं मान वर केली नाही. दोघींत तेवढंच झालं.

\*

हळदीच्या दिवशी मांडवात उखळ मांडलं. मुसळाला पानं बांधली. कुंदा, शेजारची विनता आणि आणखी दोघी सवाष्णी पदर खोचून उभ्या. भंडाऱ्याच्या बायका सतरंजीवर. मनीषा पाटावर, अंगावर चादर घेऊन, दातांवर दात वाजत होते थंडीनं. पहिल्या हातासाठी कुंदाच्या मावशीला बसवलं होतं. तिच्या गुडघ्याला सूज होती, ती कण्हत उठत होती.

इंदू लाल लुगड्यात आली. मावशीच्या आधी तिनं मुसळ धरलं.

गाणं थांबलं. सतरंजीवरच्या एकीनं दुसरीच्या कानाला तोंड लावलं.

"जाऊबाई," कुंदा हळू म्हणाली. "दादा आले का?"

"नाही आले. येणार नाही." इंदू मोठ्यानं बोलली, सतरंजीला ऐकू जाईल असं. "पण जित्ता हाय. पाव खाऊन राहिला, चहा पिऊन राहिला, माह्या फोटोपुढं बसून रडून राहिला. ज्याले पाह्याचं त्यानं रांझीले जाऊन पाहावं. बसचा नंबर सांगते. लावा हात."

कुणी हसलं नाही. आधी विनताचा हात मुसळावरून सुटला. तिनं पदर सावरायचं निमित्त केलं. मग त्या दोघींचे. कुंदाचा हात सगळ्यांत शेवटी होता. इंदूच्या बोटांवर तो क्षणभर दाबला गेला, गरम, आणि मग तोही गेला.

पाच जणींसाठी केलेलं मुसळ होतं, बाभळीचं. एकटीच्या हातात ते जड झालं. इंदूनं ते उचललं आणि घातलं. उचललं आणि घातलं. हळकुंडं फुटायला लागली. खोकला आला तरी थांबली नाही. खांदे भरून आले, पाण्यात भेगाळलेल्या बोटांत हळद शिरून झोंबायला लागली. गाणं म्हणायला कुणी नव्हतं. मांडवात तेवढाच आवाज, धप्प, धप्प. राधाबाईनं तोंड भिंतीकडं केलं होतं. हळद बारीक होईपर्यंत सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि कुणाला तिथून जाताही येईना.

झाल्यावर तिनं मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. घरात दुसरी हळद नव्हती. मग कुंदानं उखळात हात घातला आणि तीच हळद लेकीच्या गालाला लावली. मग मावशीनं. मग सगळ्यांनी. गाणं पुन्हा सुरू झालं. इंदूला लावायला कुणी बोलावलं नाही. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

फोटो काढायला बंडू आला होता, जवळच्या मोठ्या गावात त्याचं दुकान होतं. तो नवरीभोवती नाचत होता. त्याचा बोर्ड गावभर माहीत होता: रंगीत, खात्रीनं.

"ए भैया," इंदूनं हाक मारली. "माहा काढ एक."

बंडूनं कुंदाकडं पाहिलं. कुंदानं पाहिलं नाही असं केलं.

"रोलमध्ये थोडेच उरले, ताई."

"रंगीत हाय ना?"

"हो."

"पुढं काही लाल काच-बिच लावत नाही ना?"

"कसली काच?"

"मंग काढ."

भिंतीशी दोघी-तिघी होत्या, त्या आपोआप बाजूला झाल्या. कॅमेरा वाजला. या वेळी इंदू सरळ त्यात पाहत होती.

\*

संक्रांतीनंतर अल्बम आला. तोवर तळं संपलं होतं. सडके वेल काढून बांधावर वाळायला टाकले होते. इंदू चुलीशी बसून उकडलेले शिंगाडे सोलत होती. सालांनी बोटं पार काळी झाली होती. भाऊराव शहरातून बातमी घेऊन आला होता: तळ्याचा फोटो भोपाळला नेला, तिथं बक्षीस मिळालं, तिथंही लोक रडले म्हणे.

"खालची चिठ्ठी बदलली का?" इंदूनं विचारलं होतं.

"पेपरमध्ये छापलं तवा तं तेच होतं."

ओसरीवर कुंदा आणि शेजारणी अल्बम घेऊन बसल्या होत्या. एकेका फोटोवर बोलणं चाललं होतं. ही साडी कुठली, हा कोण, याचं पोट पाह्य वो किती आलं. हसणं उतू जात होतं.

मग ते पान आलं. इंदूला बसल्या जागेवरून दिसत होतं. लाल लुगडं लालच होतं. कुंकू होतं, रुपयाएवढं. बांगड्या हिरव्या, कोपरापर्यंत हळद पिवळी. मागं भिंत, चुन्याची, आणि दोन्ही बाजूंना कुणी नाही. सगळे रंग जागच्या जागी होते.

"ह्या कोण वो?" एका नव्या शेजारणीनं विचारलं.

"आमच्या मोठ्या जाऊबाई," कुंदा म्हणाली.

"अच्छा."

पान उलटलं. पुढच्या पानावर नवरदेव घोडीवर बसून हसत होता.